बंद करून चालू केलं की झालं?

आपल्याकडे सॉफ्टवेअर दुरुस्तीचा एकच सर्वमान्य उपाय आहे. बंद करा, चालू करा. बँक असो, तहसील असो, टोलनाका असो, जिथे खिडकीच्या आत कॉम्प्युटर आणि बाहेर रांग, तिथे हे वाक्य ऐकू येतंच. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा हा उपाय चालतो! त्यामुळे झालंय काय, की तो का चालला हे विचारायची पद्धतच उरली नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. रिस्टार्टने बरा होणारा बग हा सगळ्यात बोलका बग असतो. तो ओरडून सांगत असतो, की आत काहीतरी साठत चाललंय, नाहीतर काहीतरी संपत चाललंय. आपण मात्र त्याचं तोंड दाबतो आणि चहा प्यायला जातो.

आज अशाच एका जातीच्या बगांबद्दल लिहायचं आहे. सी भाषेतल्या प्रोग्रॅमच्या पोटात दुसऱ्या भाषेचा, म्हणजे पायथनचा किंवा लुआचा, इंटरप्रिटर बसवला की जे बग होतात ते. विषय रुक्ष वाटेल, पण जरा थांबा, यात तूर आहे आणि शकुंतला रेल्वेपण आहे.

आधी दोन ओळी, ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी. सी मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम वेगवान असतो, मशीनशी थेट बोलतो, पण त्यात छोटा बदल करायचा तरी सगळं पुन्हा कंपाइल करावं लागतं. म्हणून लोक काय करतात, मुख्य इंजिन सी मध्ये ठेवतात आणि वारंवार बदलणारे नियम पायथनच्या स्क्रिप्टमध्ये. स्क्रिप्ट चालवायला पायथनचा अख्खा इंटरप्रिटर आपल्याच प्रोग्रॅममध्ये लायब्ररीसारखा जोडून घेतात. ही काही खेडवळ युक्ती नाही. रेडिसने २०१२ साली २.६ मध्ये लुआ पोटात घेतली. ब्लेंडरमध्ये पायथन आहे, विममध्ये आहे. जीडीबी नावाचा जो डीबगर आपण असले बग शोधायला वापरतो, त्याच्यातही २००९ च्या ७.० पासून पायथन बसवलेलं आहे. म्हणजे डॉक्टरलाही तोच आजार होऊ शकतो :)

आता अकोला. अकोला म्हणजे डाळ मिलांचं गाव. तिथल्या एका मिलच्या धरमकाट्यावरचा प्रोग्रॅम मधेच बंद पडतो, बघून देतोस का, असं एका मित्राने विचारलं. मिलचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मी अमरावतीला घरी आलेलोच होतो, म्हटलं चला. अमरावती-अकोला म्हणजे बडनेरा, मुर्तिजापूर करत नव्वदेक किलोमीटर. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली होती. रस्ता पाच दिवसांत, आणि काट्याचा प्रोग्रॅम मात्र दोन सीझन "बघू, करू" मध्ये अडकलेला! असो.

काट्याची रचना साधी. खाली लोड सेल, त्यांना जोडलेला इंडिकेटर, इंडिकेटरमधून सिरियल वायरने कॉम्प्युटरकडे वजन. वजन वाचणारा प्रोग्रॅम सी मध्ये. बारदान्याचं वजन किती वजा करायचं, ओलाव्याची घट कशी धरायची, पावती कशी छापायची हे सगळं पायथन ३.६ च्या स्क्रिप्टमध्ये, कारण हे नियम दर सीझनला बदलतात. गाडी दोनदा काट्यावर चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दोन्हींतला फरक म्हणजे माल. भरलेल्या गाडीचं वजन झालं आणि ती आत गेली, की तिची नोंद पायथनच्या एका डिक्शनरीत, म्हणजे मेमरीत, बसून असायची. गाडी रिकामी होऊन परत आली की हिशोब पुरा आणि पावती.

आणि तेवढ्यात प्रोग्रॅम गेला की? खिडकी गायब. ना मेसेज, ना आवाज. आत असलेल्या सगळ्या गाड्यांचं भरलेलं वजन गेलं. तूर तर ढिगात ओतून झालेली, ती पुन्हा ट्रॉलीत भरून कोण मोजणार? मग मुनीमजींना काय आठवतं आणि ट्रॉलीवाल्याला काय आठवतं, यावर सौदा. एका ट्रॉलीच्या बाबतीत शेतकरी म्हणे एकतीस क्विंटल, मुनीमजी म्हणे एकोणतीस. दोन क्विंटल तूर म्हणजे किती, तर २०२३-२४ चा हमीभाव क्विंटलला ७,००० रुपये होता, करा गुणाकार. चौदा हजार रुपये, आणि तेही एका ट्रॉलीचे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याच्या खिशातून यातला एक रुपया गेला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपण आपसात "क्रॅश" हा शब्द फार हलकेपणाने वापरतो.

काट्यावर बसणारे काका अनुभवी. मी पोचल्या पोचल्या त्यांनी निदान सांगून टाकलं.

"काही नाई भाऊ, रात्री एकडाव बंद करून चालू केलं का मंग दिवसभर काहीच होत नाई. सीझनमंदी गाड्या रातभर येतात तं बंद करता येत नाई, मंग पडते थे."

मंडळी, हे वाक्य नीट वाचा. बगचं अर्धं उत्तर यात आहे. पण ते वाक्य दोन सीझन कोणी ऐकलंच नव्हतं. प्रोग्रॅम देणाऱ्याने आधी कॉम्प्युटर बदलायला लावला, मग रॅम, मग वीज कमी-जास्त होते म्हणून यूपीएस. एकाने अकोल्याच्या उन्हावरही बिल फाडलं होतं. फेब्रुवारीत! आपल्या गावाच्या उन्हाची कीर्ती मोठी आहे हे मान्य, पण म्हणून काहीही?

मी पहिला प्रश्न विचारला, तो "कधी बंद पडतो" हा नव्हे, तर "किती गाड्यांनंतर बंद पडतो" हा. तारखा आणि वेळा बघितल्या तर काहीच जुळत नव्हतं. कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. पण पावतीपुस्तकातले नंबर मोजले तर शेवटच्या रिस्टार्टपासून क्रॅशपर्यंत गाड्या निघाल्या १६८, १८१, १७४, १७७. झालं! हवा, वीज, उंदीर सगळे निर्दोष सुटले. वेळेवर नव्हे, कामाच्या मोजमापावर मरणारा प्रोग्रॅम म्हणजे आत कुठेतरी एक शिल्लक आहे, आणि ती प्रत्येक गाडीमागे थोडी थोडी खर्च होतेय.

कसली शिल्लक? इथे थोडं पायथनच्या पोटात जावं लागेल.

पायथनमधल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा चिकटलेला असतो, तिला सध्या किती जणांनी धरून ठेवलंय याचा. कोणी नव्याने धरलं की एक वाढतो, सोडलं की एक कमी. शून्य झाला की वस्तू नष्ट. पायथनमध्ये लिहिताना हे आपोआप होतं, कळतही नाही. पण सी मधून त्याच वस्तूला हात लावलात तर हा हिशोब तुमच्यावर. "काही नाही" हे सांगायलाही पायथनमध्ये एक वस्तू आहे, नन नावाची. सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकच. फंक्शनने काही परत द्यायचं नसेल तर ते ननच परत देतं. आणि ही एकच वस्तू जिकडेतिकडे वापरलेली असल्यामुळे तिचा आकडा सुरुवातीलाच काही हजारांत असतो.

काट्याच्या प्रोग्रॅममध्ये एक छोटं फंक्शन होतं, सी मध्ये लिहिलेलं आणि स्क्रिप्टमधून बोलावलेलं. काम काय, तर बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांच्या बोर्डावर वजन दाखवायचं. शेवटची ओळ, नन परत दे. पण परत देण्याआधी तिचा आकडा एकने वाढवलेला नव्हता. पायथनने विश्वासाने ती घेतली, वापर झाल्यावर नियमाप्रमाणे सोडली, आकडा एकने कमी. दर वेळी एक. गाडी काट्यावर स्थिर होईपर्यंत बोर्डावर बाराएक वेळा वजन यायचं, गाडी दोनदा चढायची, म्हणजे गाडीमागे चोवीस. सुरुवातीची शिल्लक मी मोजली तर चार हजार दोनशेच्या आसपास. भागा. पावणेदोनशे.

मोजायला काही मोठी हत्यारं लागली नाहीत. पायथनमध्येच, सिस मॉड्यूलमध्ये, वस्तूचा आकडा सांगणारं फंक्शन आहे. प्रत्येक पावतीनंतर ननचा आकडा लॉगमध्ये लिहायची एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाकली आणि वीस गाड्या होऊ दिल्या. आकडे जिन्यावरून उतरावेत तसे उतरत होते. शून्यावर गेल्यावर पायथन 'डीअलोकेटिंग नन' असा जीवघेणा एरर देऊन जागच्या जागी प्राण सोडतं. तो मेसेज देतं बरं का! पण तो जातो कन्सोलवर, आणि या प्रोग्रॅमला कन्सोलच नव्हता. मरणाऱ्याने कारण सांगितलं, ऐकायला घरात कोणी नाही.

आता काकांचं वाक्य परत घ्या. सीझन नसताना दिवसाला चाळीस गाड्या, रात्री कॉम्प्युटर बंद. चाळीस गुणिले चोवीस म्हणजे हजाराच्या आत, सकाळी शिल्लक पुन्हा भरलेली. काहीच होणार नाही. सीझनमध्ये नव्वद गाड्या, रात्रीही चालू, तर दुसऱ्या दिवशी हमखास क्रॅश. रोज रात्री रिस्टार्ट केला तर नव्वदपर्यंत भागतं. पण ज्या दिवशी आवक वाढून पावणेदोनशेच्या वर गाड्या येतील, त्या दिवशी रिस्टार्टही वाचवणार नाही. म्हणजे सगळ्यात मोठी रांग असेल त्याच दिवशी उपाय फसणार. माझा रिस्टार्टवर राग आहे तो यासाठी. तो बग मारत नाही, सगळ्यात वाईट दिवसासाठी राखून ठेवतो.

उपाय किती ओळींचा, तर एका ओळीचा. परत देण्याआधी आकडा वाढवा. पायथनने त्यासाठी तयार मॅक्रोही दिलेला आहे.

पण ही एक ओळ सापडली म्हणून विषय संपत नाही, कारण खरा प्रश्न एका ओळीचा नाही, मालकीचा आहे. आणि मालकीचा घोळ म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, आपल्याकडे शकुंतला होती. १९१० मध्ये किलिक-निक्सन कंपनीने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस न्यायला नॅरोगेज टाकली. मुर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, हिचं राहून गेलं. रूळ कंपनीचे, गाड्या सरकारी रेल्वेच्या, वापराचे पैसे कंपनीला. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं, लोक कौतुकाने फोटो काढायचे. पण जी वस्तू वापरतो एक आणि मालक दुसरा, तिची देखभाल कोणाच्या डोक्यावर? रूळ खराब होत गेले आणि अखेर दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद पडल्या. मुर्तिजापूरवरून जाताना मला दर वेळी पायथनच्या सी मॅन्युअलची आठवण येते. हसू नका, खरंच येते.

कारण त्या मॅन्युअलमध्ये हाच हिशोब आहे. काही फंक्शनं तुम्हाला वस्तू देतात ती उसनी. वापरा, पण ती तुमची नाही. लिस्टमधून वस्तू काढून देणारं पायलिस्ट_गेटआयटम हे असं. काही फंक्शनं नवीकोरी देतात, ती तुमची, काम झालं की सोडायची जबाबदारीही तुमची. आणि काही फंक्शनं तर तुम्ही दिलेली वस्तू सरळ लंपास करतात. मॅन्युअलमध्ये चक्क 'चोरतं' असाच शब्द आहे! लिस्टमध्ये वस्तू ठेवणारं फंक्शन चोरतं, डिक्शनरीत ठेवणारं चोरत नाही, स्वतःचा वाटा वेगळा धरून ठेवतं. का? तर्क शोधायला जाऊ नका, इतिहासात तसं झालं. हे पाठ करायचं नसतं, प्रत्येक वेळी मॅन्युअल उघडून बघायचं असतं. मी आजही बघतो.

उसनी वस्तू ही यातली सगळ्यात धोक्याची. समजा लिस्टमधून एक वस्तू उसनी घेतली, आणि ती हातात असतानाच त्या लिस्टमध्ये दुसरं काही बदललं. बदलताना जुनी वस्तू नष्ट झाली, नष्ट होताना तिचा स्वतःचा पायथन कोड चालला, आणि त्या कोडने तुमच्या हातातली वस्तूही लिस्टमधून काढून टाकली. तुमच्या हातात आता रिकाम्या प्लॉटचा सातबारा. हे मी रचलेलं उदाहरण नाही, पायथनच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये या सापळ्यावर वेगळा भाग आहे, आणि त्याचं नाव पातळ बर्फावरून ठेवलेलं आहे. आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर, त्यामुळे आपण त्याला गाळ म्हणू. वरून सुकलेला, पाय ठेवला की कमरेपर्यंत.

आणि क्रॅश होतो तो इथे नाही. क्रॅश होतो दहा हजार ओळी पुढे, भलत्याच फंक्शनमध्ये, जेव्हा कोणीतरी त्या जागेवर दुसरी वस्तू बांधायला जातो. नवशिका माणूस जिथे क्रॅश झाला तिथेच टॉर्च मारत बसतो. या प्रकारच्या कामात एक सवय लावून घ्यायला हवी. क्रॅशची जागा म्हणजे प्रेत सापडलेली जागा. खून दुसरीकडे झालेला असतो, आणि बहुतेक वेळा तो दोन भाषांच्या सीमेवर झालेला असतो.

एररचंही तसंच. पायथनमध्ये एक्सेप्शन आली तर ती उड्या मारत वर येते, सी मध्ये तसं काही नाही. सी ला फक्त रिकामा पॉइंटर मिळतो आणि एक खूण आत लावून ठेवलेली असते, की बाबा, एरर झालेली आहे. ती खूण बघणं, छापणं, पुसणं हे सगळं तुमचं काम. नाही पुसली तर ती तशीच लटकत राहते आणि पुढच्या भलत्याच कामावर फुटते. त्याच मिलमध्ये हा नमुनाही होता. बारदान्याचा रकाना कोणी मोकळा सोडला की स्क्रिप्टमध्ये मोकळ्या अक्षराचा आकडा करायचा प्रयत्न व्हायचा, एक्सेप्शन यायची, सी कोड तिकडे ढुंकूनही न बघता पुढे जाऊन पावती छापायचं फंक्शन बोलवायचा. मग छपाईत एरर! पायथन बिचारं सांगत होतं, की या फंक्शनने निकालही दिलाय आणि एररही लावून ठेवलीय, हे कसं? खालोखाल मूळ एक्सेप्शनही जोडून देत होतं. पण लॉगमध्ये फक्त शेवटची ओळ लिहायची सोय होती, आणि शेवटच्या ओळीत छपाईचं नाव. परिणाम? मिलने प्रिंटर बदलला. दोनदा.

त्यामुळे इंटरप्रिटर पोटात घेणाऱ्या कोणालाही माझं पहिलं सांगणं हे, की बाकी काही करायच्या आधी पूर्ण ट्रेसबॅक फाइलमध्ये जाईल याची सोय करा. फक्त शेवटची ओळ नको, पूर्ण. पायथन ३.३ पासून फॉल्टहँडलर नावाचं मॉड्यूल आलेलं आहे, ते सुरुवातीलाच चालू करा, म्हणजे सी च्या पातळीवर जीव गेला तरी पायथनमध्ये कोणती ओळ चालू होती ते कळतं. घरी तपासताना डीबग बिल्डवर चालवा, ती हळू असते पण हिशोबात चोख असते. लिनक्सवर व्हॅलग्राइंड लावणार असाल तर आधी पायथनला त्याचा स्वतःचा मेमरीचा कारभार बाजूला ठेवून साधा मॅलॉक वापरायला सांगा, नाहीतर खोट्या तक्रारींच्या ढिगात खरी सापडणार नाही.

थ्रेडचं प्रकरण मी इथे उकरत नाही, तो वेगळा शनिवार मागतो. एवढंच सांगतो, सिरियल पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड काढला असेल आणि त्यातून पायथनला हात लावणार असाल, तर आधी पायथनचं कुलूप रीतसर मागून घ्या. न मागता हात लावला तर कधी चालेल, कधी नाही. "कधी चालेल" हे जास्त वाईट.

मग लुआ बरी का? माझ्या मते, छोट्या कामांसाठी, हो. ब्राझीलच्या रिओमधल्या विद्यापीठात १९९३ साली जन्मली, आणि दुसऱ्यांच्या पोटात राहायचं हे ठरवूनच वाढली. तिथे सी च्या हातात वस्तू देतच नाहीत. मध्ये एक स्टॅक, तुम्ही त्यावर ठेवा, ती उचलेल; ती ठेवेल, तुम्ही वाचा. बँकेच्या काउंटरसारखं, आत यायचं नाही. आकडे वाढवा-कमी करा ही भानगडच नाही. पण तिथेही सीमा आहेच. स्टॅकवर काही राहून गेलं आणि पुसायचं विसरलं तर जागा भरत जाते. हमीची जागा फक्त वीस खणांची, आणि त्यापलीकडे तुम्ही विचारून जागा वाढवली नाही तर नेहमीच्या बिल्डमध्ये ती तक्रारही करत नाही. तपासणीचा स्विच चालू करून बांधा, मग बोलते. शिवाय तिचं फंक्शन संरक्षणाशिवाय बोलावलं आणि आत एरर आली, तर ती अख्खा प्रोग्रॅम घेऊन जाते. संरक्षण देऊन बोलावलं तरी एरर आल्यावर ती मधल्या सी कोडवरून सरळ उडी मारून जाते, तुम्ही मधे मॅलॉकने घेतलेली मेमरी तिथेच पडून. म्हणजे काय, सीमेवरचे कायदे बदलतात, सीमा जात नाही.

काही वाचक म्हणतील की हे सगळं हाताने करायचंच कशाला, पायबाइंड११ वापरा, सायथन वापरा. वापराच. हिशोब लिहायला मुनीम ठेवला तर चुका कमी होतात यात वाद नाही. पण मुनीम ठेवला म्हणून मालकाला वही वाचता येऊ नये हे काही मला पटत नाही.

आणि एक प्रश्न मी त्या मिलमध्येही विचारला. इथे इंटरप्रिटर पोटात घ्यायची गरज होती का? दिवसाला दीडशे पावत्या छापायच्या. सी चा प्रोग्रॅम वेगळा, पायथनचा वेगळा, मधे एक साधा पाइप, एवढ्यात भागलं असतं. पायथन मेलं तरी वजन वाचणारा जिवंत राहिला असता. पण तसं केलं तर ते "साधं" दिसतं ना! पोटात घेतलं की भारी वाटतं. गेम इंजिनमध्ये सेकंदाला हजार वेळा स्क्रिप्ट बोलवायची असेल तर जरूर घ्या पोटात. काट्यावर गाडी चढायलाच दोन मिनिटं लागतात हो.

नन दुरुस्त करायच्या आधी मी तिथे वेगळंच काम केलं होतं. भरलेल्या गाडीचं वजन झालं, की पावती-बिवती नंतर, आधी ती नोंद डिस्कवरच्या फाइलमध्ये. नंबर, वजन, वेळ. तीस ओळींचा कोड. त्यानंतर बग राहिला असता तरी कोणाची तूर अंदाजावर गेली नसती. काका म्हणाले, "हेच पयले काऊन नाई केलं मंग त्यायनं?" मला याचं उत्तर आलं नाही. कारण लिहिणाऱ्याच्या टेबलावर तो प्रोग्रॅम कधी पावणेदोनशे गाड्यांपर्यंत पोचलाच नसणार. पाच गाड्या मोजल्या, पावती आली, पास.

इंजिनिअरांची कमतरता या पट्ट्यात नाही. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, बडनेरा आणि शेगावची कॉलेजं १९८३ ची. इतकी वर्षं पोरं बाहेर पडताहेत, मीही त्यातलाच. पॉइंटर आपल्या अभ्यासक्रमात सगळीकडे असतो, पण तो दोन आकड्यांची अदलाबदल करण्यापुरता. मेमरी कोणाची, सोडायची कोणी, हा प्रश्न व्हायव्हात कोणी विचारत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तीच ती हजेरीची अॅप करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपने शंभर ओळींच्या सी प्रोग्रॅममध्ये पायथन बसवावं, तो दहा लाख वेळा फिरवावा, आणि मेमरी का वाढली याचा अहवाल लिहावा. मी परीक्षक असतो तर डोळे झाकून पैकीच्या पैकी दिले असते.

आता यात एक नवीन वळण आलंय. पायथन ३.१२ मध्ये, २०२३ साली, ननसारख्या काही वस्तू अमर केल्या गेल्या. आकडा कमी-जास्त होतच नाही. म्हणजे तो मिलमधला बग ३.१२ वर आपोआप गप्प! चूक तीच, ओळ तीच, क्रॅश नाही. बरं वाटेल ऐकायला, पण ज्या माणसाने ननचा हिशोब चुकवला त्याने बाकीच्या वस्तूंचाही चुकवला असणार, आणि त्या काही अमर नाहीत. आधी निदान काही हजारांनंतर का होईना, घंटा वाजत होती.

उलट ३.१३ ने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसऱ्या बाजूने कबुली दिली. ते मोठं कुलूप काढून टाकलेलं पायथन प्रायोगिक म्हणून आलं, आणि त्याबरोबर लिस्टमधली वस्तू उसनी न देता तुमच्या नावावर करून देणारं नवं फंक्शन, पायलिस्ट_गेटआयटमरेफ. डिक्शनरीसाठीही तसंच. कारण उघड आहे, कुलूप नसताना अनेक थ्रेड एकाच लिस्टमध्ये हात घालणार, तिथे उसनवारी कशी चालेल? तीस वर्षं जे "जरा जपून" म्हणून चाललं होतं, ते आता मुळातच बदलावं लागतंय.

तुमच्याकडे सी आणि पायथनचा जुना जोडप्रकल्प असेल, तर सगळ्या फाइलींमध्ये जुनं गेटआयटम शोधून बघा आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा, की वस्तू हातात असेपर्यंत मधे पायथनचा कोड चालू शकतो का? मी माझ्याकडच्या एका प्रकल्पात शोधलं तर २१२ जागा निघाल्या. आज दुपारपर्यंत चाळीस तपासल्या, त्यात तीन ठिकाणी गाळ लागला. उरलेल्या पुढच्या शनिवारी.